जशी आहे, जिथे आहे

जुनी गाडी विकायला काढली की चार ओळी लिहाव्या लागतात, आणि त्या चार ओळींतल्या प्रत्येक शब्दाचा खरा अर्थ बाजाराला आधीच माहीत असतो. 'चालू कंडिशन' म्हणजे उतारावरून ढकलली तर चालू होते. 'थोडं काम आहे' म्हणजे इंजिन उतरवावं लागणार. 'एकहाती वापरलेली' म्हणजे मालकाने तिच्याखाली वाकून कधीच पाहिलेलं नाही. 'शौकिनांसाठी' असं लिहिलं की किंमत दीडपट होते. अलीकडे यात 'प्रोजेक्ट' या शब्दाची भर पडली आहे. प्रोजेक्ट म्हणजे गाडी नाही; गाडी होण्याची शक्यता. ती शक्यता विकणाऱ्याने आधीच सोडून दिलेली असते, पण विकत घेणाऱ्याने ती सोडू नये अशी त्याची इच्छा असते.

भिलाईत राहणाऱ्याच्या कानावरून आणखी एक शब्दप्रयोग लहानपणापासून गेलेला असतो: 'जहाँ है, जैसा है'. सरकारी कारखान्यांचं भंगार लिलावाला निघतं तेव्हा जाहिरातीत हे शब्द असतातच. पूर्वी लिलाव बोलीने होत, आता बहुतेक संगणकावर होतात. भंगाराच्या या व्यापारासाठी 1964 साली निघालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनीच ते चालवते. पण शब्द तेच राहिले. या शब्दांत विकणारा काही लपवत नाही आणि कसली हमीही देत नाही. माल पडला आहे तिथे या, पाहा, पटलं तर उचला, मागाहून बोलायचं नाही. वडिलांची पिकअप विकायची वेळ आली तेव्हा मला याच शब्दांचा आधार वाटला. जशी आहे, जिथे आहे. फक्त मी त्यात एक भर घातली: 'जशी आहे' म्हणजे कशी आहे, ते सगळं लिहून काढलं.

गाडी महिंद्राची एफसी-150. नोंदणी 1969 ची. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. चालक इंजिनाच्या मागे बसत नाही, जवळजवळ त्याच्यावर बसतो. मूळ अमेरिकेतल्या विलीस कंपनीने 1956 च्या अखेरीस ती बाजारात आणली. तिचं रूप ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने ठरवलं होतं. जीपचीच चेसिस, चाकांच्या दोन आसांमधलं अंतर 81 इंच, म्हणजे साध्या जीपएवढंच. पण बॉनेट काढून टाकल्यामुळे तेवढ्याच लांबीत मागे मोठा हौदा बसला. समोरून पाहिली तर चपट्या तोंडाचं, मोठ्या डोळ्यांचं काहीतरी आपल्याकडे रोखून बघतं आहे असं वाटतं. अमेरिकेत 1965 च्या सुमारास ती बंद झाली आणि आपल्याकडे महिंद्राने ती पुढे चालू ठेवली. लष्करात, जंगलखात्यात, खाणींवर ती दिसायची. आता रस्त्यावर दिसत नाही. दिसलीच तर एखाद्या धाब्यामागे, दारांतून उगवलेल्या बेशरमीच्या झुडपासकट.

ही गाडी दल्ली-राजहराच्या लोहखाणीकडे माल वाहणाऱ्या एका ठेकेदाराची होती. दल्ली-राजहरा इथून 80-90 किलोमीटर. भिलाईच्या भट्ट्यांचं खनिज वर्षानुवर्षं तिथूनच आलं. बाबांनी ती 1983 मध्ये घेतली. ते टर्नर. कारखान्यात नोकरी न करता कारखान्याच्या आसऱ्याने जगणारी जी हजारो माणसं या गावात आहेत, त्यातले एक. छावणीजवळच्या लघुउद्योगांच्या वसाहतीत त्यांचं भाड्याचं शेड होतं, त्यात दोन लेथ. शाफ्ट, बुश, पुलीचे ब्लँक आणायचे, घडवायचे, पोचवायचे. त्यासाठी ही पिकअप. मे महिन्यात भिलाईचा पारा 45 च्या वर जातो आणि या गाडीचं इंजिन दोन सीटांच्या मधोमध, एका पत्र्याच्या झाकणाखाली असतं. त्या झाकणावर ठेवलेला जेवणाचा डबा दुपारी दोनपर्यंत गरम राहायचा. बाबांची डावी पोटरी कायम एका बाजूने काळवंडलेली असायची, ती याच झाकणाने.

ती 2011 पासून जागची हललेली नाही. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. आता शेडच्या मालकाला जागा हवी आहे, आणि त्याची मागणी रास्त आहे. लेथ विकले गेले, हत्यारं त्यांच्या जुन्या मदतनिसाने नेली. उरली ती गाडी. पुण्याहून भावाचा फोन आला, "ताई, किलोवर देऊन टाक. जागा तर मोकळी होईल." आई म्हणाली, "जो जास्त देईल त्याला दे. तुझ्या बाबांनीही तेच केलं असतं." दोघांच्याही म्हणण्यात चुकीचं काही नव्हतं. मदतनीस मात्र म्हणाला, "येला झन बेच, नोनी." मी पन्नाशीला आले तरी त्याच्या लेखी नोनीच, म्हणजे पोरगीच. विकू नको म्हणाला, पण मग ठेवायची कुठे, हे त्यालाही सांगता येईना.

म्हणून मी यादी करायला बसले. दोन रविवार लागले. 27 ओळी झाल्या. दोन्ही दारांचे खालचे काठ गंजून खलास. चालकाच्या पायाखालचा पत्रा नाही. त्याजागी चौकडीची प्लेट वेल्ड केलेली. समोरची काच एका कोपऱ्यात तडकलेली. डाव्या बाजूच्या मागच्या पाट्यांतली दुसरी पट्टी तुटलेली. हौद्याची मागची फळी मूळची नाही, बाबांनी बनवलेली. रंगाचे तीन थर दिसतात: वर बाबांनी मारलेला निळा, त्याखाली ठेकेदाराचा पिवळा, त्याखाली कारखान्यातून आलेला मळकट हिरवा. स्पीडोमीटरचा काटा 40 वर अडकलेला. पुढच्या चाकांना ताकद देणारी दांडी हलते, पण पुढचा आस फिरतो की नाही ते तपासलेलं नाही. आणि सर्वांत महत्त्वाची ओळ: इंजिन मूळचं नाही.

मूळचं इंजिन विलीसचं 'हरिकेन', 2.2 लिटरचं, पेट्रोलवर चालणारं. त्याची रचना आता जुनाट वाटते: हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि जळलेला धूर बाहेर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये. दणकट, पण पेट्रोल पिणारं. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं तसं देशभरच्या जीपा, ॲम्बॅसॅडर, डॉज यांची मूळ इंजिनं उतरली आणि जागी डिझेलची चढली. कुणी पर्किन्स बसवलं, कुणी मॅटाडोरचं. बाबांनी 1986 मध्ये मॅटाडोरचं बसवलं. माउंटिंग स्वतः बनवले, झाकण तीन इंच उंच केलं, आरटीओत जाऊन आरसी बुकात डिझेल अशी नोंद करून आणली. काढलेलं हरिकेन त्यांनी फेकलं नाही. ते शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली होतं, आणि दर सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेच्या दिवशी बाबा त्याच्या सिलिंडरांत थोडं तेल ओतून हाताने दोन फेरे फिरवायचे. ते इंजिनही गाडीबरोबर मिळेल, हे यादीत लिहिलं.

'अनरिस्टोर्ड' या शब्दाला मराठीत नेमका शब्द मला सापडला नाही. 'मूळची' म्हणावं तर ती मूळची नाही. 'जीर्णोद्धार न केलेली' म्हटलं तर देऊळ डोळ्यांपुढे येतं. ते अगदीच गैर नाही. भिलाई-3 जवळ देवबलोद्याला कलचुरी काळातलं एक शिवमंदिर आहे, त्याला शिखर नाही. कारागिराने अर्धवट टाकलं म्हणून त्याच्या कहाण्या सांगतात. पुरातत्त्व खातं ते राखतं, म्हणजे सांभाळतं. पण वर नवं शिखर चढवत नाही. शिखर नसणं हाही आता त्या देवळाचा भाग आहे. जुन्या गाड्यांच्या जगातही अलीकडच्या दशकांत हा विचार आला. पूर्वी प्रदर्शनात चकचकीत रंगवलेली गाडी जिंकायची. आता न रंगवलेल्या, न उकललेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो, आणि जाणकार तिथे जास्त वेळ थांबतात. रंगवलेली गाडी कशी असायला हवी होती ते सांगते; न रंगवलेली, तिचं काय झालं ते.

पण या विचारात आपल्याकडे एक अडचण आहे. न उकललेली गाडी श्रीमंताच्या गॅरेजमध्ये सापडते. ज्याने गाडी पोटासाठी चालवली, त्याच्याकडे ती सारखी उकलली जाते. आमच्या गाडीला जीर्णोद्धार झालेला नाही, आणि तरीही तिच्यात मूळचं फार थोडं उरलं आहे. दुरुस्ती तिच्या अंगात इतकी मुरली आहे की दुरुस्ती काढली तर गाडीच उरणार नाही.

गंजाचंही तसंच. गंज लागायला लोखंड, पाणी आणि हवा एवढंच पुरतं, आणि छत्तीसगडचा पावसाळा यांतलं काही कमी पडू देत नाही. मोकळ्या पत्र्यावरचं पाणी वाळून जातं. जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथे ते केशाकर्षणाने ओढलं जातं आणि महिनोन् महिने राहतं. म्हणून जुनी गाडी मध्यभागी धडधाकट दिसते आणि शिवणींत संपलेली असते. कुणी पाहुणा हळहळून म्हणतो, "भिलाईचं पोलाद आणि भिलाईतच गंजलं!" त्याला सांगावं लागतं की गाडीचा पातळ पत्रा भिलाईचा नसतो. इथे रूळ होतात, जाड प्लेटा होतात, बांधकामाचं लोखंड आणि तार होते. देशाची रेल्वे भिलाईच्या रुळांवर धावते, पण मोटारीचा पत्रा इथे लाटला जात नाही. आमच्या गाडीतलं भिलाईचं म्हणता येईल असं लोखंड एकच: हौद्यातला रुळाचा तुकडा.

एफसीचं सगळं वजन पुढे असतं. हौदा रिकामा असताना जोरात ब्रेक दाबला तर मागचा भाग उचलल्यासारखा होतो. म्हणून बाबांनी मागच्या आसावर, हौद्यात, एक हातभर रुळाचा तुकडा बोल्टने बसवला होता. तो त्यांनी कबाड्याकडून वजनावर घेतला होता, आणि त्याची पावती आरसी बुकाच्या प्लास्टिकच्या पाकिटात अखेरपर्यंत होती. या गावात लोखंडाची पावती जपतात. पावतीशिवायचं लोखंड म्हणजे प्रश्न.

यादीच्या शेवटी कागदपत्रांचा भाग आला, आणि तिथे गाडी कुठल्याच रकान्यात बसेना. 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, मोठे फेरबदल न झालेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिची व्हिंटेज म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन यांसाठी चालते. आमची गाडी 50 च्या पुढे आहे, पण इंजिन बदललेलं, आणि आरसी बुकात ती मालवाहू. म्हणजे व्हिंटेज नाही. आणि नुसती जुनी मालवाहू म्हणून रस्त्यावर आणायची तर फिटनेसचा दाखला हवा. पायाखालचा पत्रा नसलेल्या गाडीला तो कोण देईल?

शिवाय बाबांच्या नावावर असलेली गाडी मी विकू शकत नाही. आधी फॉर्म 31 भरून ती वारसाच्या नावावर करायची, मग विक्रीसाठी फॉर्म 29 आणि 30. गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं असेल तर फॉर्म 28 वर ना-हरकत. इथे मला आमच्या घराचीच गंमत वाटली. आजोबा भंडारा जिल्ह्यातून 1956 च्या सुरुवातीला इकडे आले. रशियाच्या मदतीने कारखाना उभारायचा करार 2 फेब्रुवारी 1955 ला झाला होता आणि दुर्गच्या माळावर माणसं हवी होती. तेव्हा भंडारा आणि दुर्ग एकाच राज्यात, मध्य प्रदेशात, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर. आजोबा राज्य ओलांडून आले नव्हते. फक्त पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसले होते. 1 नोव्हेंबर 1956 ला त्यांचं गाव मुंबई राज्यात गेलं, 1960 मध्ये महाराष्ट्रात. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं तेव्हा आजोबा परराज्यातले झालेले होते. 2000 मध्ये आम्ही सगळे मध्य प्रदेशातून छत्तीसगडमध्ये आलो, तेही घराबाहेर पाऊल न टाकता. जिथे आहे तिथेच. आता त्याच नागपूरला गाडी पाठवायची तर ना-हरकत लागणार होती.

पहिला माणूस नागपूरचाच आला. संग्राहक. त्याच्याकडे दोन जीपा आणि एक जुनी डॉज होती, आणि त्याला एफसी हवी होती. फोनवर पहिलं वाक्य, "तुमचे मिस्टर आहेत का?" मी म्हटलं, "आहेत, पण त्यांना गाडीतलं काही कळत नाही." मग आमचं बोलणं छान झालं. माणूस अभ्यासू होता. त्याने महिंद्राची जुनी माहितीपत्रकं जमवलेली होती. 1969 मध्ये कोणता हिरवा रंग असायचा हे त्याला माहीत होतं. त्याने एक लाख साठ हजार म्हटले. मग मी यादी वाचून दाखवली. डिझेलपाशी तो थांबला. हरिकेन शिल्लक आहे हे ऐकून पुन्हा चालू झाला. मालवाहू नोंदणीपाशी पुन्हा थांबला. आठ दिवसांनी त्याचा निरोप आला: व्हीए क्रमांक मिळणार नसेल तर नव्वद देईन, आणि मला केबिन, चेसिस आणि हरिकेन एवढंच लागेल; बाकीचं भंगारात घाला. बाकीचं म्हणजे मॅटाडोरचं इंजिन, बाबांचे माउंटिंग, उंच केलेलं झाकण, मागची फळी, रुळाचा तुकडा. म्हणजे गाडीतला आमचा भाग.

दुसरा कबाडी. त्याचा हिशेब सर्वांत स्वच्छ. गाडी सव्वा टनाच्या आसपास, काच-रबर वजा, आजचा भाव, रोख. त्याला यादी नको होती.

तिसरा रायपूरचा. टाटीबंधला ट्रकांच्या बॉडी बनवणाऱ्या घरातला पोरगा, तिशीच्या आतला, हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे पांढरे डाग. त्याने गाडी बघायच्या आधी खाली लोळण घेतली. बाहेर आला तो म्हणाला, "दीदी, ये माउंटिंग किसने बनाया?" मी सांगितलं. "बढ़िया हाथ था." मग त्याने सांगितलं तो काय करणार आहे. टप चार इंच कापून खाली आणणार. गाडी जमिनीलगत बसवणार. इंजिन दोन सीटांमधून काढून मागे हौद्यात ठेवणार, उघडं, दिसेल असं. आणि रंग? "रंग को हाथ नहीं लगाना. यही तो चीज़ है." निळा, पिवळा, हिरवा, तिन्ही थर तो वरून पारदर्शक लेप देऊन जसेच्या तसे ठेवणार होता. त्याला हॉट रॉड करायची होती.

हॉट रॉड हा प्रकार कॅलिफोर्नियातला. 1930 च्या दशकात तिथली पोरं फोर्डच्या जुन्या गाड्या स्वस्तात घेत, मडगार्ड, बंपर, जड ते सगळं काढून टाकत, इंजिन फुंकून तगडं करत आणि मुरोकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर शर्यती लावत. 1932 च्या फोर्डचं आठ सिलिंडरचं इंजिन या छंदाचा प्राण ठरलं. महायुद्धावरून परतलेल्या तरुणांनी त्याचं वेड देशभर नेलं, आणि 1948 च्या जानेवारीत 'हॉट रॉड' नावाचं मासिकही निघालं. हे सगळं शक्य झालं, कारण गाड्यांचा सुकाळ होता. फोर्डने एकट्या मॉडेल टीच्या दीड कोटी गाड्या काढल्या होत्या. एक कापली तर जगात काही कमी होत नव्हतं. आपल्याकडे गाड्यांची चणचण. इथे गाडी कापली गेली ती ती चालत राहावी म्हणून. पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवालीला जुन्या जीपा उकलून नव्या रूपात विकायचा मोठा बाजार उभा राहिला. त्याची मुळंही लष्कराच्या लिलावातल्या जीपा चालत्या करण्यात आहेत. छंद मागाहून आला, गरज आधी.

मी त्या पोराला कायद्याचं सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. परवानगी घेऊन इंजिन बदलण्यासारख्या थोड्या सवलती आहेत. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. टप कापलेली, इंजिन मागे नेलेली गाडी रस्त्यावर आणली तर दंड होईल, जप्त होईल. तो म्हणाला, रस्त्यावर आणायचीच नाही. ट्रेलरवर घालून प्रदर्शनांना नेणार, आणि बाकी वेळ वर्कशॉपच्या दारात उभी करणार, म्हणजे येणाऱ्या गिऱ्हाइकाला हात दिसेल. एक लाख दहा हजार देईन म्हणाला.

आता वरवर पाहिलं तर निवड सोपी होती: पैसे जास्त, माणूस चांगला. पण तीन रात्री मला झोप लागली नाही, कारण त्या तिघांकडे बघता बघता मला एक विचित्र गोष्ट दिसू लागली होती. गाडीवर सर्वांत जास्त प्रेम करणारा माणूस आमच्या वाट्याचं सगळं पुसून टाकणार होता. 1969 च्या सकाळी मुंबईहून निघालेली गाडी त्याला परत हवी होती. त्या सकाळीनंतर जे घडलं ती त्याच्या लेखी बिघाडांची यादी. आणि जो तिला कापणार होता, तिचा आकार ओळखू येणार नाही असं करणार होता, तो मात्र प्रत्येक जोड, प्रत्येक थर लोकांना दिसावा म्हणून राखणार होता. एक देह ठेवून चरित्र टाकणार, दुसरा चरित्र ठेवून देह बदलणार. कबाडी दोन्ही सारखंच वितळवणार, आणि त्यात त्याचा दुष्टावा काही नाही.

मग मूळ ते काय? टोलेडोच्या कारखान्यात ठरलेली रचना मूळ, तर बाबांनी 1986 मध्येच तिच्यावर करवत चालवली होती. झाकण तीन इंच उंच करताना त्यांच्या मनात ब्रुक्स स्टीव्हन्स नव्हता. दर महिन्याचा पेट्रोलचा खर्च होता. हॉट रॉडवाल्या पोरांनी केलं तेच त्यांनी केलं, फक्त वेगासाठी नाही. हा फरक लहान नाही. त्या पोराच्या हातून निघणारी गाडी कधी शाफ्ट वाहणार नाही, तिच्यावर कुणाचा डबा गरम राहणार नाही. बाबांनी तिला कामासाठी कापलं, हा तिला बघण्यासाठी कापणार. हे मला टोचत होतं, आणि त्याला ते मी सांगितलंही. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "दीदी, मेरा काम तो यही है कि लोग मेरा काम देखें." यावर मला उत्तर सुचलं नाही. टर्नरचं काम मशीनच्या पोटात जातं. बुश बसला की तो कुणाला दिसत नाही. बाबांनी आयुष्यभर न दिसणारं काम केलं. त्यांचं वेल्डिंग लोक मुद्दाम वाकून बघतील अशी ही पहिलीच जागा होती.

आईला विचारलं. ती म्हणाली, "कापणार म्हणजे नासवणार का?" मी म्हटलं, नासवणार नाही, वेगळी करणार. "मग नागपूरवाला काय करत होता?" तोही वेगळीच करत होता, म्हटलं. आई म्हणाली, "झालं तर मग. दहा-वीस हजार जास्त मिळतायत ना?" तिच्यासाठी प्रश्न तिथे संपला.

मदतनिसाला कळवलं तेव्हा तो एक संध्याकाळ शेडवर येऊन बसला. गाडीला हात लावला नाही. जाताना मॅटाडोरच्या इंजिनाचा एक नट किती आवळायचा, जास्त आवळला तर काय होतं, ते त्याने मला दोनदा सांगितलं. त्या पोराला सांगायला. यादीत 28 वी ओळ आली.

अट घालावी का, असंही मनात आलं. अमुक कापू नकोस, तमुक ठेव. पण अट घालून विकलेली वस्तू अर्धी आपल्याच दारात राहते. आणि 'जशी आहे, जिथे आहे' हे शब्द दोन्ही बाजूंना बांधतात: घेणाऱ्याने मागाहून तक्रार करायची नाही, तसं देणाऱ्यानेही मागाहून बघायला जायचं नाही. मी फक्त विक्रीच्या कागदावर एक वाक्य लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, की बदल केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवली जाणार नाही. ते वाक्य गाडीसाठी नव्हतं. उद्या पोलिसांनी विचारलं तर माझ्यासाठी आणि त्याच्यासाठी होतं.

वारसनोंद व्हायला दीड महिना गेला. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. ट्रेलर आला, हाताने फिरवायच्या विंचीने गाडी वर ओढली गेली. पुढची चाकं फिरली, म्हणजे आस धड होता. हरिकेन वेगळं बांधलं. पोराने हौद्यातला रुळाचा तुकडा बघितला, विचारलं, हे कशाला? सांगितल्यावर हसला. इंजिनच मागे गेलं की या वजनाची गरज संपली. उलट आता पुढे काहीतरी ठेवावं लागेल, म्हणाला. मग तोच तुकडा पुढच्या बंपरच्या जागी बसवता येईल का, ते हाताने मापून बघू लागला. मी आरसी बुकाचं पाकीट त्याला दिलं, त्यातली पिवळी पडलेली कबाड्याची पावती वर काढून दाखवली आणि म्हटलं, "ही पण ठेव. इथे लोखंडाला कागद लागतो."